त्या बापाने नाही म्हटलं नव्हतं

एक गोष्ट मी माझ्या नोकरीत इतक्यांदा सांगितली, की शेवटी शेवटी आमच्या ऑफिसच्या शिपायालाही ती पाठ झाली होती. स्टेजवरून सांगितली, प्रशिक्षणांत सांगितली, मुंबईच्या बैठकांत सांगितली, एका पुस्तिकेत छापूनही आणली. पण जशी घडली तशी — कुणालाच नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. गेल्या महिन्यात पहिल्यांदा दोन माणसांना खरी सांगितली, आणि आता तुम्हाला सांगते आहे. जरा बसा. मला एका दमात जमणार नाही.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, सगळी याच बुलढाणा जिल्ह्यात. आयटीआयमध्ये निदेशक म्हणून लागले, मग एका तालुक्याच्या गावी प्राचार्य झाले, आणि रिटायर झाले ती जिल्ह्यातल्या कौशल्य विकासाचं काम पाहणारी अधिकारी म्हणून. पोरापोरींच्या हाताला काम मिळावं एवढंच ते काम. पण माझं नाव झालं ते एका वेगळ्याच कारणाने — शिवणकाम आणि पार्लरच्या वर्गातल्या मुली उठवून मी त्यांना लेथपाशी, वेल्डिंगपाशी नेऊन उभं केलं म्हणून. 'लोखंडवाल्या बाई' म्हणायचे मला. जळगाव जामोदच्या एका कार्यक्रमात सूत्रसंचालकाने तर 'पोलादी बाई' करून टाकलं. मी तेव्हा वरवर लाजले. आतून फार आवडलं होतं — खोटं काऊन बोलू?

पण त्या नावाच्या पायाखाली एक माणूस होता. साधा, सरळ, गाद्या भरणारा माणूस. त्याने केलेलं चांगलं मी त्याच्याकडून काढून घेतलं, आणि न केलेलं वाईट त्याच्या माथी मारलं. जगापुढे मारलं ते एक वेळ चालून गेलं असतं, त्याला तर त्याचा पत्ताही नव्हता. पण ते त्याच्या मुलीपर्यंत पोचलं. बापाबद्दल पोरीच्या मनात जे असतं ना — तेच मी खराब केलं. हे बोलायला मला इतकी वर्षं का लागली? थांबा. क्रमाने येते.

मी सांगायची ती गोष्ट अशी. एक मुलगी होती, टर्नरच्या ट्रेडमध्ये, म्हणजे लेथवर लोखंड कातायला शिकणारी. बावीस मुलांत एकटी. परीक्षेत पहिली आली. पुण्याकडच्या कंपनीने अप्रेंटिस म्हणून तिला मागितलं. आणि — इथे मी थांबायची, पाण्याचा घोट घ्यायची, बरं का, नाटकी मेली — आणि बापाने नाही म्हटलं. 'एका बापाच्या एका नकाराने एक कारागीर मेली,' असं म्हणायची मी. बायका डोळ्याला पदर लावायच्या. समोर बसलेले बाप माना खाली घालायचे. टाळ्या पडायच्या.

बाप मुसलमान, खेड्यातला, गाद्या भरणारा — एवढं सांगितलं की लोक पुढचं आपणहून ओळखायचे. मला पूर्ण खोटं बोलायचीही गरज पडायची नाही. इतक्या वर्षांत एकाही माणसाने विचारलं नाही की, बाई, तो बाप नेमकं काय म्हणाला हो? समतेवर व्याख्यानं देत फिरणारी मी — मला हे कळत नव्हतं असं वाटतं तुम्हाला? चांगलं कळत होतं. त्याच गोष्टीचा तर मी फायदा घेत होते.

आता खरी.

मुलीचं नाव नसरीन. दुसरबीडची. रोज एसटीने यायची. वेणी ॲप्रनच्या आत खोचून, बाह्या वर करून लेथवर उभी राहिली की आजूबाजूची पोरं आपलं काम सोडून बघत बसायची, आणि ती त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. बोल्टावर आटे पाडावेत तर तिनेच. आमच्या वर्कशॉपचे निदेशक कौतुकाच्या बाबतीत महाकंजूस, पण तिने कातलेला जॉब हातात घेऊन ते दोन-दोन मिनिटं नुसता फिरवत राहायचे. ती पहिली आली त्यात कुणालाच नवल वाटलं नाही.

कंपनीने यादीतले पहिले तिघं मागितले. त्यात तिचं नाव वर. आणि त्यावर माझा एक नियम होता. मुलीला बाहेरगावी पाठवायचं तर बापाचं संमतीपत्र हवं. मुलांना असलं काही लागायचं नाही. हा नियम वरून आलेला नव्हता हो, मीच काढलेला. मुलींना पुढे आणणाऱ्या बाईने मुलींपुरता अडसर स्वतःच्या हाताने घालून ठेवलेला — काळजी म्हणून. मला तेव्हा त्याचा अभिमान होता. तर मी नसरीनला म्हटलं, अब्बांची सही आण, मग बघू.

दुसऱ्याच दिवशी अकराच्या सुमाराला तिचे वडील स्वतः आले. गफूरभाई. काम अर्धं टाकून आले होते, सदऱ्यावर, भुवयांवर कापसाचे तंतू तसेच. कागद तहसीलबाहेरच्या टायपिस्टकडून टाईप करून आणलेला, खाली सही. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसेनात. म्हणाले, "म्याडम, पोरगी हुशार हाय. आमच्या खानदानात कोणी मशीन नाही पाह्यली. तुमी म्हणता तं मी तिले चंद्रावर बी पाठवतो." आणि हसले. मीही हसले. कागद घेतला. ते गेले.

इथवर सगळं चांगलं आहे ना? हो. इथेच थांबता आलं असतं तर काय हवं होतं.

त्याच दुपारी कंपनीच्या माणसाचा फोन आला. मुलगी पाठवताय हे ठीक आहे, पण आमच्याकडे मुलींची राहायची सोय नाही. तिची जबाबदारी प्राचार्य म्हणून तुमची, असं एक हमीपत्र सहीनिशी पाठवा, आम्ही लगेच रुजू करून घेतो. एवढंच. एक कागद. एक सही. गफूरभाईंनी केली तशी.

मी म्हटलं, विचार करून कळवते.

आणि मी विचार केला. काय विचार केला ते सांगते. परक्या शहरात उद्या पोरीला काही झालं तर? कुणाबरोबर निघून गेली तर? पेपरात येईल. चौकशी लागेल. आणि माझी बढतीची फाइल त्या महिन्यात वर गेलेली. जिल्ह्यातली एकुलती एक बाई प्राचार्य मी. म्हणतील, बाईमाणसाला बसवलं की असंच होतं. हे सगळे विचार माझ्याबद्दलचे होते, बघा. त्यात नसरीन कुठेच नव्हती. तिची काळजी वाटली असं म्हणायला मला आज आवडेल, पण नव्हती वाटली. मी घाबरले होते. लोखंडवाली बाई एका कागदाला घाबरली.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन केला आणि म्हटलं — मुलीचे वडील तयार नाहीत हो. मुस्लिम कुटुंब आहे, तुम्ही समजू शकता. तो माणूस म्हणाला, हो हो, समजू शकतो. लगेच समजला. मग मी नसरीनला बोलावून घेतलं आणि म्हटलं, कंपनी मुली घेत नाही म्हणते आहे बेटा, मी फार भांडले.

मी फार भांडले! हे कुठून सुचलं मला? कुणी मागितलं होतं?

तिने मान हलवली, आणि विचारलं की लेथवर अजून आठवडाभर प्रॅक्टिस केली तर चालेल का. मी चालेल म्हटलं. तिच्या जागी यादीतला चौथा मुलगा गेला. आज तो तिकडे मोठ्या हुद्द्यावर आहे. कधी भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि मी पाय मागे घेते. त्याला वाटतं मी विनयाने घेते.

आणि गफूरभाईंचा कागद? जपून ठेवला, अधूनमधून काढून बघत होते, असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. तसं काही नाही. कंपनीला फोन केला त्याच दिवशी फाडला. चार तुकडे केले, टोपलीत टाकले, आणि चहा मागवला.

बढती मिळाली. मग भाषणं सुरू झाली, आणि भाषणाला गोष्ट लागते. पहिल्यांदा सांगितली तेव्हा जीभ अडखळली होती, ते आठवतं. दुसऱ्यांदा नाही अडखळली. पुढे पुढे तर गंमत अशी की सांगताना मला खरोखर त्या बापाचा राग यायला लागला. डोळे भरायचे माझे. कळतंय का तुम्हाला? मी स्वतःलाच पटवलं होतं. त्या गोष्टीने कित्येक बापांनी पोरी पाठवल्या, हेही खरं आहे — पण ते मी माझ्या बाजूने सांगत नाही. त्या पोरी खरी गोष्ट सांगूनही आल्या असत्या कदाचित. 'बाई घाबरली' म्हणून. ते करून बघायची हिंमत मला झाली नाही.

रिटायर झाल्यावरही बोलावणी येत राहिली. तसंच दोन महिन्यांपूर्वी एक पालक मेळाव्याचं आलं — दुसरबीडला. नाही म्हणावं असं आधी वाटलं, हे खरं. पण वीस वर्षं उलटून गेलेली. म्हटलं कोण ओळखतंय. त्या दिवशी 'एका गावातला एक बाप' एवढंच म्हणायचं ठरवून गेले. आणि गोष्ट न सांगता परत यावं, हे काही सुचलं नाही. सवय हो. दुसरं काय.

सांगितली. थांबले, पाणी प्यायले, नकार सांगितला, टाळ्या घेतल्या. खाली उतरले तर एक म्हातारा माणूस काठी टेकत समोर आला. पांढरी दाढी. हातात नातीचा हात — मुलाची मुलगी, दहावी झालेली. तिला टर्नरला घालायचं म्हणत होता.

"वळखलं काय म्याडम? मी गफूर. नसरीनचा बाप."

वाटलं, झालं. आता चार लोकांत हा माणूस मला विचारणार, आणि विचारू दे, एकदाचं विचारू दे. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. म्हणजे होता — पण माझ्यावर नव्हता. म्हणाले, "तुमी आता सांगितलं ना, तो बाप. लय राग आला मले त्याचा. असा बी बाप असते काय हो? आमच्या नसरीनले तं कंपनीनंच नको म्हटलं, नाई तं मी काऊन अडवतो?"

त्यांनी स्वतःला ओळखलंच नव्हतं. कसं ओळखणार? त्यांनी तर हो म्हटलं होतं.

मी काय बोलले आठवत नाही. नसरीन कशी आहे असं काहीतरी विचारलं असेन. म्हणाले, शेगावला दिली, दोन पोरं आहेत, शिवणाचे क्लास घेते. मग आवाज उतरला त्यांचा. म्हणाले, ईदेपुरती येते. बसते, जेवते, जाते. "सात-आठ वर्षं झाले, पयल्यासारखी बोलत नाई मायासंग. काय चुकलं ते सांगत बी नाई."

सात-आठ वर्षं. आमची पुस्तिका छापून आली त्याला किती झाली? तेवढीच. जिल्ह्यातल्या सगळ्या प्रशिक्षण केंद्रांवर वाटली होती आम्ही ती, शिवणाच्या क्लासवरसुद्धा. त्यात मुलीचं नाव बदललं होतं मी, फार हुशारीने. पण टर्नरमध्ये पहिली आलेली मुलगी आणि गाद्या भरणारा बाप — ते तसंच ठेवलं होतं. वाचायला छान लागायचं म्हणून.

तुम्हाला वाटेल, तिथेच पाय धरले असतील बाईने. नाही. तिथेही मी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, शाबास म्हटलं आणि गाडीत बसले. आणखी महिना घालवला मी. रोज सकाळी ठरवायचं आणि दुपारी काहीतरी काम काढायचं. मग एका मंगळवारी सकाळची शेगावची एसटी धरली, आणि बस सुटल्यावर वाटलं — बरं झालं, आता उतरता येणार नाही.

स्टेशनकडच्या गल्लीत एका लॉजच्या वर तिचा क्लास आहे. आठ-दहा मशीन, मुली खाली मान घालून शिवत होत्या. नसरीनचे केस पुढून पांढरे झालेत. मला बघून चटकन उठली, खुर्ची पुसली, मुलींना चहाला पाठवलं. वीस वर्षांनीही तशीच उभी राहिली, वर्कशॉपमध्ये राहायची तशी. मी म्हटलं, बस आधी. आणि सगळं सांगितलं. फोन, हमीपत्र, बढती, फाडलेला कागद, भाषणं. मध्ये रडले नाही मी. रडले असते तर तिने पाणी आणलं असतं, तशी पोरगी ती.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "पुस्तिका वाचली तवा वाटलं, कागद घेऊन अब्बा एकटेच आले होते, आयत्या वेळी घाबरले असतील. मोहल्ल्यात कोणी काई म्हटलं असेल. मायापासून लपवलं असेल."

मी म्हटलं, मग विचारलं का नाहीस गं त्यांना?

"विचारू कशी, म्याडम? विचारलं अन् ते हो म्हणले असते तं?"

खालून रिक्षांचे आवाज येत होते. तिने समोरच्या कापडावरची टाचणी काढली, परत टोचली. म्हणाली, "लेथ गेली ते गेलीच. त्याचं मी पाहून घेतलं. पण अब्बाले तुमी —" तिने शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं मला. मग तिने फोन उचलला, आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावून टेबलावर ठेवला.

"अब्बा, वो कंपनी का कागज था ना, पुनेवाली का. तुमने सही करके दिया था?"

"हौ, दिया था. म्याडम के हाथ में दिया था," पलीकडून गफूरभाई म्हणाले. "क्यों गे? क्या हुआ?"

किती साधं उत्तर. इतकी वर्षं ते त्या माणसापाशी तयार होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. नसरीनने ओठ दाबून धरले. फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, आता तुमीच सांगा.

तर मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना कमी शब्द लागले. मग हळू आवाजात ते म्हणाले, "म्हंजे म्याडम, त्या दिवशी तुमी स्टेजवरून ज्या बापाचं सांगून राह्यल्या होत्या — तो मीच होय काय?"

"हो," म्हटलं.

"पण मी तं कागद आणला होता."

"हो. आणला होता तुम्ही."

"बरं," ते म्हणाले. नुसतं बरं. मग म्हणाले, "नसरीनले फोन द्या."

मी दिला. तिने स्पीकर बंद केला, खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, आणि हुंदके द्यायला लागली. पलीकडून ते काय म्हणत होते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझं ऐकायचं नव्हतंच. मी पर्स उचलून जिना उतरले. मुली चहा पिऊन वर येत होत्या, त्यांना म्हटलं, जरा दहा मिनिटं थांबा गं.

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांना ती द्यावी लागली असती, तशीच माणसं आहेत ती. पुस्तिका ज्या ऑफिसातून निघाली तिथे मी पत्र दिलं आहे — गोष्ट खोटी आहे, लिहिणारी मीच, आणि खोटी कशी तेही खाली लिहिलं आहे. ते पान काढतात की नाही बघू. मेळाव्यांची बोलावणी अजून येतात. एकाला जाऊन आले. त्यात मी घाबरलेल्या बाईची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या नाहीत. लोक नुसते बघत राहिले, आणि एक बाप मधूनच उठून बाहेर गेला. त्यापुढच्या मेळाव्याला त्यांनी दुसरा वक्ता बोलावला.

आणि आता शेवटचं. त्या दिवशी शेगावहून परत येताना बसमध्ये मला इतकं हलकं वाटत होतं, की शेजारच्या अनोळखी बाईने दिलेले फुटाणे मी खिडकीतून बाहेर बघत सगळे खाऊन टाकले. पोरीचं काम गेलं माझ्यापायी. बापलेकीचं बोलणं तुटलं. त्यांची वर्षं गेली ती गेली, आणि सुटल्यासारखं वाटलं ते मला. अजूनही वाटतं. हे बरोबर नाही, ठाऊक आहे मला. पण इतकं सांगितलं आणि एवढंच लपवलं, असं नको.